मोकळा वावर

"वहिनी, तो एक शब्द काढून टाका," सिंधूताई म्हणाल्या होत्या. "त्यानं घोटाळा होईन."

मी हसले होते. पुण्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झालेली मुलगी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे पाहून जसं हसेल, तसं. ते हसू आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. त्या एका शब्दापायी शेजारच्या द्वारकाचं लग्न, तेही लागून झालेलं, मोडता मोडता राहिलं.

आम्हाला तेव्हा जळगाव जामोदला येऊन वर्ष झालं होतं. हे पंचायत समितीत विस्तार अधिकारी. सकाळी सायकलवर बसून खेड्यांवर जायचे ते संध्याकाळी भुवयांपर्यंत धूळ घेऊन परत यायचे. दिवसभर घरात मी आणि मंजू. मंजू आठ महिन्यांची. पहिली खेप, माहेर लांब, सासू नाही. त्यामुळे मी सदा घाबरलेली असे. ती रडली की मला वाटे पोट दुखतंय. रडली नाही की वाटे रडायचीही ताकद उरली नाही. ती झोपली की तिच्या नाकाशी हात धरून मी श्वास मोजायची, आणि आकडा कमी वाटला तर तिला उठवून पुन्हा मोजायची.

अशा बाईला सिंधूताई देवासारख्या भेटल्या. सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. पस्तिशीच्या, उंच, सडसडीत, एकट्या राहणाऱ्या. दर शनिवारी त्या काट्याला झोळी अडकवून मंजूचं वजन करायच्या आणि तोंडावर जे असेल ते सांगायच्या. त्या शनिवारी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पोरीच्या डोळ्यांत काजळ घालू नका. ओव्याची पुरचुंडी इतकी गरम करून पोटाला लावू नका, पोर भाजून राह्यली. आणि झोपलेल्या लेकराला श्वास मोजायला उठवू नका, तुमच्यामुळंच ते रात्रभर जागं राहते. मी तिन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या आणि त्याच दिवशी अमलात आणल्या. (तिसरी जमली नाही.)

चौथी गोष्ट त्यांनी कवितेबद्दल सांगितली. ती मात्र वहीत गेली नाही.

त्याचं असं झालं. आमचे घरमालक हिंमतराव शेजारीच राहत. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, शिवाय गावाबाहेर धाकटा भाऊ मोतीराम याच्याबरोबर सामाईक शेती. त्यांच्या द्वारकाचं लग्न ठरलं तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तुमी पुण्याच्या शिकेल. आमच्या द्वारकीच्या लग्नात दोन अक्षरं लिवा ना. छापून वाटू. लोकाइले बी कळू द्या, हिंमतरावच्या घराशेजारी कोन राह्यते ते."

मला आणखी काय हवं होतं! मंजूच्या झोपा चोरून मी बारा दिवसांत मंगलाष्टकाची आठ कडवी रचली. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीला एकोणीस अक्षरं, एक मात्रा इकडची तिकडे नाही. त्यातलं पाचवं कडवं मला सगळ्यात आवडायचं, कारण ते खुद्द द्वारकाकडून आलं होतं. अठराची पोर, रोज दुपारी मंजूला खेळवायला यायची. एकदा मंजूला मांडीवर थोपटताना तिनं विचारलं होतं, "वहिनी, लग्न झाल्यावर इथं याले मले कोनाले विचारा लागन का?" मी म्हटलं, वेडी का काय, बापाचं घर आहे. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्याचं उत्तर म्हणून मी लिहिलं:

*देतो वावर मोकळा तुज पिता, माहेरि या सर्वदा*
*येई हासत, जा पुन्हा हसत तू, कुर्यात् सदा मंगलम्*

म्हणजे, मुली, तू या घरात कायम मोकळेपणानं वावरावंस, असा तुझ्या वडिलांचा आशीर्वाद आहे. मंजू झोळीत लोंबकळत असतानाच मी हे सिंधूताईंना वाचून दाखवलं आणि कौतुकाची वाट पाहत थांबले.

"कोनतं वावर?" सिंधूताईंनी काट्यावरची नजर न काढता विचारलं.

"कोणतं म्हणजे?"

"हिंमतरावचं एक वावर नाल्याकाठी हाये अन् एक पांदीले लागून. देऊन कोनतं राह्यले?"

"अहो, शेत नव्हे! वावर म्हणजे वावरणं. हिंडणं-फिरणं, येणं-जाणं."

"तुमच्या पुण्यात असन. इकडं वावर म्हंजे वावर. त्यात पऱ्हाटी पेरतेत."

पांद म्हणजे गाडीवाट, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, हे मला तोवर कळत होतं. वावर म्हणजे शेत, हेही कळत होतं. वर्षभर तेच ऐकत होते. पण मी लिहिलं होतं ते काव्य.

"संदर्भावरून कळतं ना पण," मी म्हटलं.

"मांडवात संदर्भ कोन पाह्यते, वहिनी? वाजंत्री वाजून राह्यली, पोट्टे रडून राह्यले, अर्ध्या लोकाइचं ध्यान बुंदीकडे. कानावर जे पडन तेच त्याइले ऐकू येईन. अन् वरतून तुमी म्हनून राह्यल्या 'मोकळा'. मोकळं वावर म्हंजे ज्यावर कोनाचा बोजा नाही, ते. एकदम चोख काम!"

तेव्हा मी हसले. ते हे हसणं. "बघते हं," म्हणाले, आणि काही बघितलं नाही.

का नाही बघितलं, ते खरं सांगते. सिंधूताई बौद्ध. त्यांच्या घरी छप्पन साली सगळ्यांनी दीक्षा घेतलेली. माझ्या मनात आलं की ज्यांच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणतच नाहीत, त्यांना मंगलाष्टकातलं काय कळणार? लेकीच्या पोटाला काय लावावं हे ज्या बाईला विचारून मी पाऊल टाकत होते, तिच्याबद्दल मला असं वाटलं. दुसरंही एक होतं. मंजूला कुणी 'जरा वाळली' म्हटलं की मी तडक दवाखाना गाठायची, आणि कवितेला कुणी तेच म्हटलं की त्या माणसाचीच नजर अधू आहे असं मला वाटायचं. दोन्ही माझीच लेकरं, पण एकीलाच काय तो काटा.

मंगलाष्टक छापायला न्यायचं काम मुलींच्या शाळेतल्या सरस्वतीबाईंकडे होतं. आवाज गोड, म्हणून मांडवात गाणारही त्याच. छापखान्यात मुद्रितं तपासायला त्या स्वतः बसल्या. मी निर्धास्त होते.

लग्न वैशाखातलं, भर बारा वाजताचं. मंडपात इतकं उकडत होतं की मंजूच्या अंगावर घामोळं येणार या धास्तीनं मी तिला ओल्या पंच्यात गुंडाळलं होतं, आणि ओल्या पंच्यानं सर्दी होणार या धास्तीनं वर कोरडं दुपटं. लोकांच्या हातात माझं मंगलाष्टक, गुलाबी कागदावर. निम्म्यांनी त्याचे पंखे केले होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कविता लोकांच्या उपयोगी पडत होती. खाली ठळक अक्षरांत 'आपला नम्र, हिंमतराव' असं छापलेलं.

मी एक कागद घेतला आणि पाचव्या कडव्याशी येऊन अडखळले. छापलं होतं:

*देतो वावर मोकळे तुज पिता*

मोकळे! मोकळा नव्हे, मोकळे! मी गर्दीतून सरस्वतीबाईंना गाठलं.

"हे काय केलंत?"

"अहो, तुमच्या हातून चूक राहिली होती," त्या माझ्या दंडावर हात ठेवून प्रेमानं म्हणाल्या. "वावर नपुंसकलिंगी आहे. ते वावर. मी दुरुस्त केलं. बोलले नाही कुणाजवळ. बाळंतीण बाई, व्हायचंच."

आणि मला काय वाटलं असेल? संकटाची चाहूल? नाव नको. बी.ए.च्या मुलीचं व्याकरण सुधारलं, याचाच मला राग आला. त्या रागात मी असतानाच अंतरपाट धरला गेला. गुरुजींचं झाल्यावर सरस्वतीबाई उभ्या राहिल्या, आणि स्वतःच्या दुरुस्तीवर खूष होऊन ती ओळ त्यांनी चांगली दोनदा म्हटली. दुसऱ्या वेळी वाजंत्रीवालाही थांबून ऐकत होता.

अक्षता पडल्या. लग्न लागलं. वरपक्षाची पंगत बसली. नवऱ्या मुलाचे वडील उकंडराव नांदुऱ्याकडचे बडे शेतकरी. मिशा पांढऱ्या, फेटा गुलाबी, आणि चेहरा असा खुललेला की आम्ही बायका म्हणालो, बघा, याला म्हणतात व्याही. इकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हिंमतराव स्वतः पंगतीत आग्रह करत फिरत होते. त्यांना हाताला धरून उकंडरावांनी थांबवलं. मी मागेच बायकांत उभी होते, सगळं ऐकत होते.

"इवाई, मानलं तुमाले! हुंडा देनं-घेनं सरकारनं बंद केलं, तं तुमी गाऊन देल्लं! गान्याले कोन पकडते?"

हिंमतरावांना वाटलं, कवितेची तारीफ चाललीय. "हे हे. पसंत पडलं ना तुमाले?"

"पसंत म्हंजे काय बावा! डोयात पानी आलं. आमी एका शब्दानं मागतलं नोतं. आता फक्त कोनतं ते सांगा. नाल्याकाठचं का पांदीचं?"

नेमकं त्या वेळी कुणी तरी उकंडरावांच्या पानात वांग्याची भाजी वाढत होतं. हिंमतरावांनी भाजीकडे पाहिलं आणि छाती फुगवून सांगितलं, "सारं नाल्याकाठचंच! एकदम कवळं. घ्या अजून!"

"सारं?" उकंडरावांच्या हातातली पुरी हातातच राहिली. "सारं देता?"

"संकोच करू नोका. तुमच्यासाठीच हाये."

पलीकडे मोतीराम कढीची बादली घेऊन वाढत होता. त्यानं बादली खाली टेकली. कढी उडाली, दोन पाहुण्यांच्या धोतरांवर पडली.

"दादा! नाल्याकाठचं वावर देल्लं? माहं अर्धं हाये त्यात! मले विचारलं काऊन नाही?"

"वावर? कोन देल्लं वावर? म्या तं वांगे म्हनलो!"

"वांगे?" उकंडराव पानावरून उठले. त्यांनी डाव्या हातानं खिशातला गुलाबी कागद काढला आणि पंगतीभर फिरवला. "हे काय छापलं मंग? 'देतो वावर मोकळे तुज पिता.' पिता कोन? तुमी. खाली नाव कोनाचं? तुमचं. दोनशे मानसात दोन खेपा गाऊन सांगतलं, अन् आता म्हनता वांगे?"

ते उठले तशी वरपक्षाची अख्खी पंगत उष्ट्या हातांनी उठली.

"म्या मागतलं नोतं, इवाई," उकंडराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. "पन देल्लं म्हनून चारचौघात सांगून मंग हात मागं घेनं, ही कोनती रीत? आमाले भिकारी समजले का? गाड्या जुंपा रे! पोराले घ्या. नवरी राहू द्या यांच्या मोकळ्या वावरात!"

बोहल्याजवळ द्वारका मुंडावळ्या बांधलेल्या तशाच उभी, गळ्यातला हार तिनं मुठीत घट्ट धरला होता. आतून तिची आई रुक्मिणीबाई डोळ्यांना पदर लावून धावत आली. "बाप्पा! कोनं लिवलं हे?"

सगळ्या मंडपानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या कडेवरून मंजूनंही पाहिलं, असं मला वाटलं.

मी पुढं झाले. मला वाटलं, प्रकरण अगदी साधं आहे. नीट समजावून सांगितलं की संपलं. मी घसा साफ केला.

"हे पाहा, इथं वावर म्हणजे शेत नाही. मूळ शब्द 'वावर', पुल्लिंगी. तो 'वावरणे' या धातूपासून झाला."

"धातूपासून?" वरपक्षातल्या एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याला विचारलं. "धातूचं वावर हाये म्हनते बाई."

"म्हंजे खदान?"

"खदान हाये त्यात?" उकंडराव गाडीकडे निघाले होते, ते थांबले.

"खदान हाये अन् तेही मले सांगतलं नाही?" मोतीराम ओरडला.

"अहो, तो धातू नव्हे! क्रियापदाचा धातू! भाववाचक नाम…" मी जितकं बोलले तितकी गर्दी जवळ आली, आणि तितकं ते वावर मौल्यवान होत गेलं. आमचे हे दोन-तीनदा मला खुणावत होते, त्या खुणा मला आता कळतात. मंजूनं भोकाड पसरलं.

तेवढ्यात माझ्या कोपराला कुणी तरी धरून मागं ओढलं. सिंधूताई. त्या पंगतीच्या बाजूला नव्हत्याच, मंडपाच्या टोकाच्या खांबाशी उभ्या होत्या. तिथं का उभ्या होत्या ते मला माहीत होतं, आणि त्यांना बोलवायला मी गेले नव्हते. त्यांनी आधी मंजूचं वरचं दुपटं काढून टाकलं. मंजू गप्प झाली.

"समजावू नोका," त्या हळू म्हणाल्या. "चुकलं म्हना."

"पण चुकलेलं नाहीये, सिंधूताई. व्याकरणानं…"

"वहिनी, पोरीचं वजन घटलं तं तुमी काट्यासंग भांडता का?"

पलीकडे बैल जुंपले जात होते. गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. द्वारका हलली नव्हती.

"तुमाले म्हनाचं काय होतं?" सिंधूताईंनी विचारलं.

"हेच की… लग्न झालं तरी बापाचं दार तिला खुलं आहे."

"मंग तेच लिवा ना. कोनी नाही म्हनलं?"

बारा दिवस मी त्या ओळीशी झटले होते, आणि मला काय म्हणायचं आहे हे मला कुणी विचारलं नव्हतं; मीही नाही. मी मंजूची बोटं धरली आणि अक्षरं मोजायला लागले. ठे-वी-दा-र… हाताची दहा झाली, पायांवर आले. एकोणीस अक्षरं, वीस बोटं. डाव्या पायाची करंगळी उरली. बसली ओळ! चपखल बसली. आणि काय सांगू, माझ्या ओळीपेक्षा चांगली होती. त्या गोंधळात, बैल जुंपलेले असताना, मला ते कळलं आणि आत कुठं तरी आनंद झाला. लेखक मंडळी निर्लज्ज असतात.

मी पुन्हा पुढं गेले. "चुकलं," म्हणाले. "माझं चुकलं. हिंमतरावांचा काही दोष नाही, त्यांनी वावर दिलेलं नाही. शब्द मी चुकीचा घातला. सिंधूताईंनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. खरी ओळ अशी आहे." आणि म्हणून दाखवली:

*ठेवी दार खुले मुली तुज पिता, माहेरि या सर्वदा*

सरस्वतीबाई पुटपुटल्या, "खुले. हं. दार नपुंसकलिंगी. बरोबर आहे."

"म्हंजे," उकंडराव सावकाश म्हणाले, "वावर गेलं, अन् दार राह्यलं."

"मामाजी."

द्वारका बोलली होती. नवरी मुलगी मांडवात सासऱ्याशी बोलते, हे कुणी पाहिलं नव्हतं. रुक्मिणीबाईंनी तोंडावर हात मारला.

"मामाजी, वावर राहू द्या. मले दार पाह्यजे."

एवढंच म्हणाली आणि मान खाली घातली. मुठीतल्या हाराची दोन फुलं पडली. उकंडरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यांना स्वतःच्या लेकी होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"अन् आमाले?" ते शेवटी हिंमतरावांना म्हणाले. "आमाले बी खुलं हाये का दार, का फक्त पोरीले?"

"तुमाले तं पंगत खुली हाये! बसा ना, इवाई! बसा!" हिंमतरावांनी त्यांना मिठीच मारली, वांग्याच्या हातासकट.

"बसतो. पन हे छापील खोडा आधी. सारे कागद. उद्या माह्या गावात हे वाचतीन अन् मले विचारतीन, वावर कुठी हाये म्हनून."

मोतीरामनं बादली उचलली. पंगत पुन्हा बसली. सरस्वतीबाईंनी नवी ओळ म्हटली, लोकांनी पुन्हा अक्षता टाकल्या, त्यामुळे द्वारकाचं लग्न दोनदा लागलं असं म्हणायला हरकत नाही. आणि मी आणि हे मंडपभर फिरून लोकांच्या हातातले पंखे गोळा करत होतो. ह्यांच्या खिशात ऑफिसची निळी पेन्सिल होती. दोनशे प्रतींपैकी एकशे ब्याऐंशी दुरुस्त केल्या. उरलेल्या अठरा कुठं गेल्या देव जाणे. तालुक्यात कुठं तरी अजून ते वावर फुकट वाटलं जात असेल.

रुक्मिणीबाई सिंधूताईंकडे गेल्या. "बाई, पान वाढतो. बसा ना."

"दवाखान्यात जा लागते," सिंधूताई म्हणाल्या. जाताना माझ्याजवळ थांबल्या. "सहाव्या कडव्यात बी एक हाये. पन ते घरी येऊन सांगतो."

सहाव्या कडव्यात मी नवऱ्या मुलाला सिंह म्हटलं होतं. सगळ्या गडबडीत ते पोर बोहल्यामागं जाऊन बसलं होतं.

त्या दिवसापासून शनिवारी आधी मंजू काट्यावर आणि मग माझी वही सिंधूताईंच्या हातात, असा नेम झाला. सवय व्हायला वेळ लागला, खोटं कशाला सांगू. पहिले काही शनिवार त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी आपटत असे. एकदा तर जेवायचा आग्रह केला नाही. पण दुपारी मंजू झोपली की गुपचूप वही काढायची, त्यांनी नखानं खूण केलेली जागा पाहायची, आणि तिथंच नेमका ओलावा असायचा, भिंतीला असतो तसा. त्यांना वृत्त कळत नसे. "हे तुमी कोनाले सांगून राह्यल्या?" एवढंच त्या विचारायच्या. या एका प्रश्नानं माझ्या तीन कविता संपूर्ण मेल्या आणि चार जगल्या.

मागच्या दिवाळीनंतर त्यांची बदली झाली. जानेफळला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. निघताना त्यांनी मंजूचं वजन केलं, मला म्हणाल्या, "कविता कार्डासंग पाठवत जा," आणि मोटारीत बसल्या.

मी पाठवत राहिले. त्यांची उत्तरं यायची, कार्डावर दोन ओळी, दवाखान्याच्या नोंदीसारख्या. 'चांदणे तीन वेळा आले आहे. एक पुरे.' 'ही बाई रडते का ते कळले नाही. तुम्हाला तरी कळले का?' एकदा तर नुसतं 'शेवट कापा.' ती कार्डं मी मंजूच्या वजनाच्या तक्त्याबरोबर जपून ठेवली आहेत.

आणि मग गेल्या महिन्यात कार्ड आलं: 'कविता छान आहे.'

ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "वा! अभिनंदन! शेवटी पास केलं बाईंनी."

मी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. अक्षर त्यांचंच, पण ओळ खाली उतरत गेलेली. मला बरं वाटेना. म्हणून मी मुद्दाम एक कविता लिहिली. तिच्यात चांदणं पाच वेळा घातलं. राजहंस घातला. आमच्या भागात राजहंस कुणी पाहिलेला नाही. एक ओळ तर अशी लिहिली की तिचा अर्थ मलाच लागत नाही. ती पाठवली आणि पोस्टमनची वाट पाहत बसले. दहा दिवसांनी उत्तर आलं. 'छान. मंजूला आशीर्वाद.'

"अगं, लोक या एका शब्दासाठी जन्मभर लिहितात," हे म्हणाले.

असतील लिहीत. पण सिंधूताईंनी पाच वेळचं चांदणं आणि एक राजहंस जाऊ दिला, याचा अर्थ मला तरी एकच लागतो: बाईंना बरं नाही. तिथं त्या एकट्या राहतात. दुसऱ्यांची पोरं तपासतील, स्वतःचा ताप कधी पाहणार नाहीत. त्यानंतर दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. मला जायचं तर इकडून तीन मोटारी बदलाव्या लागतात, आणि मंजू परवाच गोवरातून उठली आहे.

म्हणून हे सगळं लिहून छापायला दिलं. वाचणाऱ्यांपैकी कुणी मेहकरच्या बाजूचे असाल, तर माझं एवढं काम करा. मेहकरहून जानेफळला मोटार जाते. उतरल्यावर दवाखाना कुणीही दाखवेल. सिंधूताई भेटल्या की हा अंक त्यांच्या हातात द्या आणि त्या वाचेपर्यंत समोर बसा. त्यांनी कुठं नखानं खूण केली, तोंड वाकडं केलं, निम्मी गोष्ट कापा म्हणाल्या, तर निश्चिंत होऊन घरी जा, आणि सवडीनं मला एक कार्ड टाका. पण वाचून त्या नुसत्या 'छान' म्हणाल्या, तर कृपा करून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहा, डॉक्टरांना बोलवा, आणि मला लगेच तार करा.